आयसीडीची बाटली, बॅग, तीन खणांचा डबा की मशीन? वॉर्डातल्या सिस्टरचा रिव्ह्यू

मिक्सर, कुकर, एअर फ्रायरचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी आज छातीतल्या नळीला जोडायच्या डब्याचा टाकतेय. हसू नका. घरातलं माणूस बाईकवरून पडून, टीबीनं, नाहीतर न्यूमोनिया चिघळून छातीत पू झाला म्हणून ॲडमिट असतं आणि एक दिवस नातेवाईकाच्या हातात चिठ्ठी येते, आयसीडी ट्यूब (हीच छातीत घालायची नळी) 28 नंबर आणि ड्रेनेज बॅग, मग खालचा मेडिकलवाला विचारतो साधी देऊ का चांगली देऊ, आता तो बिचारा काय सांगणार. आणि आमच्या नव्या पोरी पण, कॉलेजात तीन बाटल्यांची आकृती काढून दहापैकी नऊ मार्क घेतलेल्या असतात पण रात्री तीन वाजता डब्यातलं बबलिंग, म्हणजे बुडबुडे येणं, बंद झालं की धावत मलाच उठवायला येतात.

मी जिल्ह्याच्या गावातल्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला आहे, त्याआधी काही वर्षं चेस्ट वॉर्डला होते, म्हणजे काचेच्या बाटलीपासून बॅटरीवाल्या मशीनपर्यंत सगळं हाताळून झालंय. स्वतःचा अनुभव सांगेन तिथे कंपनीची नावं घेणार नाही, उगाच भांडण नको.

आधी नळीचं थोडक्यात. बरेच जण समजतात नळी फुफ्फुसात घातलीय. तसं नसतं. फुफ्फुसाच्या बाहेरून दोन पदरी आवरण असतं, त्या दोन पदरांच्या मध्ये एरवी चमचा-दोन चमचे ओलावा असतो, बस. तिथे हवा, रक्त, पू किंवा पाणी भरलं की फुफ्फुस दाबलं जातं, ते बाहेर काढायला नळी. हात डोक्यावर घ्यायला लावतात, काखेच्या खाली पुढचा-मागचा स्नायू आणि स्तनाग्राच्या पातळीची रेघ ह्यांच्यामध्ये जो त्रिकोण येतो त्यात बहुतेक वेळा भूल देऊन छेद घेतात, बरगडीच्या वरच्या कडेवरून आत शिरतात कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला शीर, धमनी आणि मज्जातंतू चिकटून असतात. आमचे सर आत बोट फिरवून चाचपल्याशिवाय नळी घालत नाहीत आणि टोकदार सळईवाल्या नळीला हातही लावत नाहीत, मला ते पटतं, सळई कुठे घुसेल काय नेम. नळीच्या नंबरचं गणित सोपं आहे, तीननं भागा की मिलिमीटर, म्हणजे 28 नंबर साधारण सव्वानऊ मिमी जाड. पूर्वी ॲक्सिडेंटला 36-40 नंबरचे पाइपच घालायचे, 2018 च्या एटीएलएसमध्ये, म्हणजे ॲक्सिडेंटच्या पेशंटला कसं सांभाळायचं ते डॉक्टरांना शिकवणाऱ्या कोर्समध्ये, ते 28 ते 32 वर आलं आणि पेशंटचा जीव थोडा तरी हलका झाला. नुसती हवा किंवा पातळ पाणी असेल तर बारीक पिगटेल, म्हणजे टोकाला वेटोळं असलेली नळी, पण चालते, पू घट्ट असला की मात्र ती चोंदते आणि मग आम्ही बसतो सलाइननं फ्लश करत.

नळी विकत घेताना एकच बघा, अंगावर एक्सरेत दिसणारी रेघ आहे ना. ती रेघ शेवटच्या भोकापाशी तुटलेली असते, एक्सरेत ती तुट बरगड्यांच्या आत दिसली पाहिजे, बाहेर आली तर भोक कातडीखाली आलंय आणि हवा तिथे पसरतेय. मग छाती-मान फुगते आणि बोटानं दाबलं की चुरमुऱ्यासारखं कुरकुर वाजतं. पहिल्यांदा हाताला लागलं तेव्हा मी दचकून हात मागे घेतला होता.

आता डब्यांकडे वळू.

काचेची बाटली. जुनी, जड, रबरी बूच, त्यातून दोन नळ्या, लांब नळीचं टोक पाण्यात 2 सेंटीमीटर बुडलेलं, आखूड नळी हवेला मोकळी. ही कल्पना हँबुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ नावाच्या डॉक्टरची, 1875 च्या सुमारासची, आणि अजून तीच चालू आहे, बाकी सगळे डबे तिचेच नातवंडं. छातीतून हवा आली की पाण्यातून बुडबुड करत बाहेर जाते, परत यायला जावं तर पाणी आडवं. मला बाटली आवडते ती एका गोष्टीसाठी, ती बोलते. पेशंटनं श्वास घेतला की नळीतलं पाणी वर, सोडला की खाली, लांबून कॉटच्या पायथ्याला उभं राहून कळतं की चालू आहे (व्हेंटिलेटरवर हे उलटं होतं, घाबरू नका). हलणं थांबलं तर दोनच शक्यता, एक तर फुफ्फुस पूर्ण फुललंय, नाहीतर नळी कुठेतरी चोंदलीय किंवा दुमडलीय. आणि खरं सांगू का, दहातल्या निम्म्या वेळा काका स्वतः नळीवर झोपलेले असतात.

बाटलीचे तोटे पण भरपूर आहेत. फुटते. बूच सैल होतं. रक्तपाणी जमत गेलं की पातळी वाढते, म्हणजे लांब नळी 2 ऐवजी 10-12 सेंटीमीटर बुडते आणि हवेला तेवढं पाणी ढकलून यावं लागतं, पेशंटला ते जड जातं. त्यात पू किंवा प्रोटीनवालं पाणी असेल तर बबलिंगनं असा फेस येतो की रीडिंग कुठलं घ्यायचं कळतच नाही. आणि ती आखूड मोकळी नळी. एकदा एका आजींनी नातवाच्या बाटलीच्या त्या नळीला कापसाचा बोळा लावला, धूळ जाईल म्हणून. मी राउंडला आले तर बबलिंग बंद, पोरगं उठून बसलेलं, दम लागलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. बोळा काढला आणि बाटलीत अशी उकळी फुटली की बाजूच्या कॉटवरचे उठून बसले. आजी म्हणतात, "अगं बाई, मी तर झाकण लावलं गं." त्यांचं काय चुकलं, झाकायची आपल्याकडे सवयच आहे आणि आम्ही कोणी सांगितलं नव्हतं की ती नळी कशासाठी मोकळी आहे. तेव्हापासून मी तिच्यावर ल्युकोप्लास्टची पट्टी लावून लिहिते, बंद करू नये. बाटलीला पाचपैकी तीन.

बॅग. म्हणजे लघवीच्या पिशवीची मावसबहीण म्हणा, पण आत पाण्याच्या सीलचा, म्हणजे हवा परत जाऊ न देणाऱ्या त्या आडव्या पाण्याचा, कप्पा असलेली. स्वस्त, काही शे रुपयांत मिळते, फुटत नाही, कॉटला अडकवता येते, पेशंट हातात घेऊन टॉयलेटला जाऊ शकतो. पण मला ही बिलकुल आवडत नाही. मऊ असल्यामुळे जमिनीवर ठेवली की लोळते, लोळली की आतलं सील पाण्याबाहेर आणि पुढच्या श्वासाला हवा सरळ छातीत. त्यात मधे आम्ही एका कंपनीच्या घेतल्या होत्या, त्यांचे आकडे फिक्या निळ्या रंगात, रात्री टॉर्च लावूनही दिसेनात आणि स्पिरिटनं पुसलं की गायब, आणि हूक एवढा तकलादू की 800 मिली भरल्यावर दोन बॅगा खाली पडल्या. रात्रीच्या अंधारात. एकदा रक्ताची, एकदा पूची. मावशींनी फरशी पुसताना जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. ह्या बॅगेला दोन स्टार, ते पण स्वस्त आहे म्हणून.

आणि हात जोडून सांगते, युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, ही ड्रेनेज बॅग नाही. एक पेशंट दुसरीकडून रेफर होऊन आला होता, नळीला थेट युरोबॅग लावलेली, बॅग फुग्यासारखी टम्म, हवा जायला जागाच नाही. बहुतेक तिथे दुसरं काहीच नसणार आणि पेशंटला रस्त्यावर काढायचं असणार, मी समजू शकते, पण निदान मध्ये झडपेचा व्हॉल्व्ह तरी लावायचा होता. झडप म्हणजे हाइमलिख व्हॉल्व्ह, घशात घास अडकल्यावर पोट दाबायची युक्ती ज्यांच्या नावानं आहे तेच हे हेन्री हाइमलिख. प्लास्टिकच्या नळकांड्यात चपटी रबरी जीभ, हवा एकाच दिशेनं जाते. पाणी नको, उभं ठेवायची काळजी नको, ॲम्ब्युलन्सला आणि नळीसकट घरी जाणाऱ्याला फार बरी पडते. फक्त बाण बघून लावायची, उलटी लागली तर कापसाच्या बोळ्याचीच गोष्ट पुन्हा. आणि घट्ट रक्त असेल तर जीभ चिकटून बसते, हवेसाठी छान.

एका खणाचा कडक प्लास्टिकचा डबा, म्हणजे बाटलीच पण न फुटणारी, खाली रुंद बूड, वर हँडल. साधा पेशंट, हवा नाहीतर थोडं पाणी, चार-पाच दिवसांत नळी निघणार, तर ह्याच्यावर पैसे घालायला माझी हरकत नाही. चार स्टार. फक्त एक सांगते, आणि हे बाटलीला पण लागू. सुरुवातीला जे पाणी घातलं ते वजा करा. 500 मिली पाणी घालून डबा लावला, सकाळी 800 दिसलं, आणि चार्टवर 800 आउटपुट लिहिलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, सर राउंडला येऊन घाबरले ना. पट्टी लावायची, शून्याची रेघ मारायची, तारीख वेळ सही. प्रत्येक शिफ्टला नवीन रेघ. रोजचं पाणी शंभर-दोनशेच्या आत आलं, हवा येणं थांबलं, एक्सरे साफ असला की मग नळी काढायचं बोलणं सुरू होतं, आणि ते सगळं ह्या रेघांवर अवलंबून आहे.

आता तीन खणांचा डबा. आकृतीत ज्या तीन बाटल्या रबरी नळ्यांनी जोडलेल्या असतात त्याच एका चपट्या प्लास्टिकच्या पेटीत बसवल्यात, 1967 मध्ये प्लर-इव्हॅक नावानं पहिल्यांदा बाजारात आला. एका खणात रक्तपाणी जमतं, दुसऱ्यात सील, तिसऱ्यात सक्शन, म्हणजे भिंतीवरच्या पाइपनं लावायची ओढ, किती ते. फायदा काय, तर जमणारं पाणी आणि सीलचं पाणी वेगळं, त्यामुळे कितीही रक्त आलं तरी सील 2 सेंटीमीटरच राहतं, फेसाचा त्रास नाही, वजाबाकी नाही. सीलचं पाणी निळं होतं, लांबून दिसतं. हवा किती गळतेय त्याचे एक ते पाच कप्पे असतात, काल तीनपर्यंत बुडबुडे होते आज एकापर्यंत आलेत असं पेशंटलाच दाखवता येतं. आमच्याकडे एक रिक्षावाले दादा होते, ते रोज सकाळी मला रिपोर्ट द्यायचे, "सिस्टर, आज मीटर दोनवर आलं."

सक्शनबद्दल लोकांचा गैरसमज आहे तो इथे मिटवते. पाण्यावर चालणाऱ्या डब्यात सक्शन ठरतं ते तिसऱ्या खणातल्या पाण्याच्या उंचीवर, बहुतेक वेळा 20 सेंटीमीटर, भिंतीवरच्या नॉबवर नाही. नॉब फुल्ल फिरवला की ओढ वाढत नाही, नुसता खळखळाट वाढतो, पाणी उडून जातं आणि शेजारच्या पेशंटची झोप जाते. हळू बुडबुड येईल एवढंच ठेवा. कोरड्या सक्शनवाल्या डब्यात चाक असतं, आवाज नाही, थोडा महाग, माझ्या मते रात्रीच्या शांततेसाठी तेवढे पैसे द्यावेत. आणि सक्शन बंद केलं तर डब्याची सक्शनची नळी भिंतीच्या पाइपपासून सोडवून मोकळी ठेवा, बंद सक्शनला जोडून ठेवलेली ती नळी म्हणजे हवेची वाट बंद केल्यासारखंच, परत आजींचा बोळा. साडेचार स्टार. अर्धा कापला कारण किंमत हजारांत जाते आणि आमच्याकडचा पेशंट औषधालाच उधार मागतोय तिथे मी कुठल्या तोंडानं सांगू हा डबा आणा.

मशीन. ह्यात मेडेला ह्या स्विस कंपनीचं थोपाझ सगळ्यात जास्त माहीत असलेलं, इंग्लंडच्या नाइस संस्थेनं पण 2018 मध्ये त्याच्या बाजूनं शिफारस केलीय. चार्जिंगवर चालतं, पेशंट गळ्यात अडकवून फिरतो, भिंतीला बांधलेला राहत नाही, आणि हवा किती गळतेय ते मिनिटाला इतके मिली असं आकड्यात, मागच्या तासांचा ग्राफसुद्धा. नाहीतर बुडबुड्यांवरून वाद ठरलेला, सकाळचे डॉक्टर म्हणतात लीक आहे, संध्याकाळचे म्हणतात नाही, आणि पेशंट दोघांच्या तोंडाकडे बघतो. आमच्याकडे एक मशीन डेमोला आलं होतं, कोणाचं ते सोडा, फुफ्फुसाचं ऑपरेशन झालेल्या एका ताईंना लावलं, ग्राफ सपाट झालेला बघून सरांनी बिनधास्त नळी काढली. पण रात्री अलार्म वाजला की आमची नवीन सिस्टर आणि ताईंचे मिस्टर दोघं एकदमच घाबरायचे, आणि खरं कारण काय तर नळीला पीळ. शिवाय डबा संपला की त्याच मशीनचा डबा हवा, दुसरा बसत नाही. मोठ्या शहरातल्या छातीच्या सर्जरीच्या युनिटला उत्तम, आमच्यासारख्या ठिकाणी एक ठेवावं आणि ज्याची हवा थांबतच नाही त्याला लावावं. स्टार देत नाही, ज्याचे पैसे भरायचे नाहीत त्याला स्टार देणं सोपं असतं.

एवढं सगळं लिहिलं पण खरी गोष्ट वेगळीच आहे. कॉटवर सगळेच डबे चांगले चालतात. परीक्षा होते ती कॉट ते एक्सरे आणि कॉट ते संडास एवढ्या अंतरात. ट्रॉलीवर बाटली ठेवायला जागा नसते, मग कोणीतरी ती पेशंटच्या पोटावर ठेवतं, म्हणजे छातीच्या वर, आणि बाटलीतलं पाणी परत छातीत. नाहीतर दोन आर्टरी (नळी दाबून धरायचे चिमटे) लावून नळी बंद करून नेतात, जुनी पद्धत, अजून कुठे कुठे शिकवतात. अहो, बबलिंग चालू आहे म्हणजे हवा अजून येतेय, तिला दार बंद केलं तर ती फुफ्फुस आणि हृदय दोन्ही दाबणार, लिफ्टमध्ये अडकलात तर काय कराल. बबलिंगवाली नळी बंद करायची नाही, छातीच्या खाली धरून चालायचं, बस. जोड निसटला तर पेशंटकडचं टोक स्टराइल पाण्याच्या बाटलीत बुडवायचं, म्हणून मी ट्रॉलीवर कायम एक बाटली ठेवते. क्लॅम्पची, म्हणजे नळी चिमट्यानं बंद करायची, एकच जागा मला मान्य आहे, खूप दिवसांचं पाणी साठलेलं असतं आणि ते धो धो यायला लागतं तेव्हा, एका वेळी दीड लिटरच्या वर काढत नाहीत, थांबवून थांबवून काढतात, नाहीतर दाबलेलं फुफ्फुस एकदम फुलून त्यातच पाणी भरतं आणि पेशंट खोकून खोकून बेजार. बाकी जमिनीपर्यंत लोंबणारा नळीचा झोळ पण नको, त्यात पाणी साठून बसतं, नळी कॉटवर आडवी ठेवून मग सरळ खाली सोडा. आणि नळी पिळून पिळून दोहण्याची हौस सोडा, त्यानं आत फार जोराची ओढ बसते.

तर परवा स्टोअरवाले दादा तीन कंपन्यांचे नमुने घेऊन आले, पुढच्या ऑर्डरसाठी, म्हणाले सिस्टर तुम्ही ठरवा. मी तिन्हीत मापानं पाणी भरलं, सीलमध्ये रंग टाकला, ट्रॉलीला अडकवले आणि आमच्या मामांना म्हटलं नेहमीसारखं एक्सरेपर्यंत ढकलत न्या आणि परत आणा, काही वेगळं करू नका. मामा निघाले, रॅम्पच्या वळणावर ट्रॉली भिंतीला घासली, लिफ्टच्या उंबऱ्यावर दणका बसला, सगळं नेहमीसारखंच. परत आले तेव्हा एकाचा हूक तुटून डबा मामांच्या हातात, दुसऱ्याच्या सीलमधला रंग सगळा बाजूच्या खणात, आणि तिसऱ्यात निळं पाणी होतं तिथेच, बरोबर 2 सेंटीमीटरला. त्या तिसऱ्याची किंमत मधली निघाली. मी फॉर्मवर सही केली आणि मामांना चहा पाजला.